सातवी फ्लॉपी

“आलात? बरं झालं बाई! चला, आधी बाही वर करा. चहा नंतर.”

वल्लरीने एका हाताने फोनचं तोंड दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने आतली खोली दाखवली. दारात उभा होता एक उंच, सावळा, उन्हातून आलेला तरुण. खांद्याला जड पिशवी, कपाळावर घाम. त्याने तोंड उघडलं, पण समोरची बाई पुन्हा फोनवर बोलायला लागलेली बघून ते मिटलं. मग त्याने मुकाट्याने बाही वर केली आणि आत गेला.

पंधरा मिनिटांनी कुपवाडच्या कारखान्यातून एक कामगार मोटारसायकलवरून आला. हाताला ग्रीस, अंगात निळा शर्ट. “मॅडम, तुमीच फोन केला हुता न्हवं? बी निगेटिव्ह.”

वल्लरीच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. ती धावत आत गेली. धोंडुबाई सिस्टर पिशवीवर चिठ्ठी चिकटवत होत्या आणि तो तरुण खाटेवर छताकडे डोळे लावून इमानदारीने मुठीतला चेंडू दाबत होता.

“अहो, तुम्ही कोण?”

“मी कृष्णात. साताऱ्याहून आलोय... तुमचा संगणक बसवायला.”

“मग सांगायचं नाही का!”

“आवं, तुमी बाही वर करा म्हणाला.” त्याची नजर अजून छतावरच. “मला वाटलं, हितली पद्धत आसंल.”

धोंडुबाई एवढ्या हसल्या, की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. तीस वर्षांच्या नोकरीत असा दाता त्यांनी पाहिला नव्हता. वल्लरी मात्र कानापर्यंत लाल झाली. रक्त तपासलं तर निघालं बी पॉझिटिव्ह, म्हणजे गल्लोगल्ली मिळतं ते. रक्तपेढीचे व्यवस्थापक विष्णुपंत बाहेर येऊन म्हणाले, “चला, संगणकाच्या निमित्ताने एक दाता वाढला.” आणि नियमाप्रमाणे कृष्णातला दोन बिस्किटं आणि चहा मिळाला. तो चहा त्याने सावकाश, वल्लरीकडे न बघता प्यायला. न बघता म्हणजे किती न बघता, ते धोंडुबाईंना विचारा.

ही त्र्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट.

वल्लरी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती आणि सांगलीतल्या त्या धर्मादाय रक्तपेढीत रक्तदात्यांच्या नोंदी सांभाळत होती. काम म्हणजे मुख्यतः फोन. कुणाला कुठलं रक्त हवंय, जवळपास कोण आहे, त्याने शेवटचं कधी दिलं, हे बघायचं आणि फोन फिरवायचा. दिवसभर बोलायची, पण तिचा आवाज ऐकून कुणाला आनंद झालाय असं कधी घडायचं नाही. “रक्तपेढीतून वल्लरी बोलतेय” म्हटलं की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, “कुणाला काय झालं?”

आणि संध्याकाळी विश्रामबागेतली तिची एक खोली. आई दोन वर्षांपूर्वी गेली, भाऊ बडोद्याला, त्याचं पत्र दिवाळीला. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची यायची, पाव लिटरची पिशवी कुणी काढतच नाही. एकट्या माणसाचं दूध रोज उरणार. ती ते विरजायची आणि सकाळी दह्याची वाटी शेजारी द्यायची. “छान लागतं हो तुमचं दही,” म्हणून शेजारीण वाटी घ्यायची आणि दार लावून घ्यायची. या वाक्याखेरीज सुट्टीच्या दिवशी वल्लरीशी कुणी दुसरं वाक्य बोललंच नाही, असंही व्हायचं.

दात्यांची कार्डं वाळवीने खाल्ली, म्हणून तर संगणक आणला होता. चार हजार माणसं आता त्या करड्या पेटीत राहायला जाणार होती. कृष्णातने तारा जोडल्या, पेटी घरघरली, हिरवी अक्षरं उमटली. विष्णुपंतांनी हळदकुंकू वाहिलं. आणि त्याच क्षणी हा गृहस्थ म्हणतो कसा—

“ह्यो मरणार हाय, बरं का मॅडम.”

“अहो, आत्ता तर पूजा झाली!”

“म्हणूनच आत्ता सांगतोय. आज न्हाई तर दोन वर्सांनी, पण हार्ड डिस्क जाणार. ती जायच्या आदी आपण काय करून ठिवलंय, त्यावर सगळं हाय.”

मग त्याने त्याची योजना सांगितली. फ्लॉप्यांचे, म्हणजे नोंदी साठवायच्या पातळ चकत्यांचे, तीन संच, प्रत्येकात सात. शिवाय लाल चिठ्ठीची एक वेगळी फ्लॉपी, तिला तो सिस्टिम फ्लॉपी म्हणायचा. मशीनने डोळे उघडायचंच नाकारलं, तर त्याला तिच्यावरून जागं करायचं. दर शनिवारी सगळ्या नोंदींची प्रत एका संचावर काढायची. सगळ्यात जुना संच तो आजोबा, मधला तो बाबा आणि ताजा ते पोर. शनिवारी पोर गावाला जाणार, आजोबा घरी परत येणार. मग पुढच्या शनिवारी आजोबांवरचं सगळं पुसून त्यांच्यावर नवं लिहायचं, की आजोबांचं पुन्हा पोर.

“आणि पोर गावाला कुठे जाणार?”

“साताऱ्याला. माझ्याकडं.” मग घाईने म्हणाला, “म्हंजे आमच्या हापिसात. प्रत दुसऱ्या गावात पायजे, ह्यो नियम हाय. याच इमारतीत ठिवली आणि पाणी शिरलं, तर मशीन बी गेलं आणि प्रत बी. कृष्णेला सांगलीत यायला किती येळ लागतो, तुमाला म्या सांगायला नगं.”

न्यायचं कुणी, हा प्रश्न धोंडुबाईंनी सोडवला. विटा-कडेगाववरून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत लालासाहेब नावाचे कंडक्टर होते. वाटेवरच्या गावांतून साताऱ्यात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे ते रोज न्यायचे. त्या डब्यांच्या रांगेत वल्लरीने शिवलेल्या कापडी पिशवीतून फ्लॉप्यांचा डबाही जायला लागला. “बॉनेटवर ठेवू नका हं, तापतं,” ती दर वेळी सांगायची. “आवं पोरी,” लालासाहेब म्हणायचे, “भाकरीला चालतंय आणि तुज्या चकत्यांना चालंना व्हय?” पण डबा मात्र स्वतःच्या सीटखाली ठेवायचे.

सातव्या फ्लॉपीवर थोडी जागा उरायची. कृष्णातने सांगितलं होतं, तिथे आठवड्याची नोंद लिहा. काय बिघडलं, काय अडलं, ते. संगणकाला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. पहिल्या शनिवारी वल्लरीने लिहिलं, प्रिंटरची रिबन फिकी झाली आहे. दुसऱ्या शनिवारी, कीबोर्डवर चहा सांडला, विष्णुपंतांना सांगितलेलं नाही. तिसऱ्या शनिवारी तिचा वाढदिवस होता आणि कुणाच्याच लक्षात नव्हता. तिने बिघाडाच्या नोंदीत तेही लिहून टाकलं.

एकदा लिहिल्यावर थांबवेना. तिला काय भीती? तीन आठवड्यांनी आजोबा परत आले की पुसायचंच होतं सगळं. प्रत काढताना मशीन स्वतःच बजावायचं, या फ्लॉपीवरचं सगळं पुसलं जाईल. पुसलं जाणार म्हणून ती खरं लिहायची. दुधाच्या पिशवीबद्दल, आईच्या चष्म्याबद्दल, जो अजून खिडकीत होता. रविवारी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसते आणि शेंगा एकटीने खाल्ल्या की संपतच नाहीत, त्याबद्दल.

आणि उत्तर?

परत आलेल्या संचात सातवी फ्लॉपी ती सगळ्यात आधी लावायची. तिचं लिहिलेलं कधीच नसायचं. पुसून स्वच्छ. एकच ओळ असायची— “सर्व ठीक. कृ.”

बाकीच्या सहा फ्लॉप्या हाताळून मळक्या झाल्या, सातवी मात्र कायम नव्यासारखी. निगुतीने वापरतो, वल्लरीला वाटायचं. वाचतो, पुसतो, सर्व ठीक लिहितो. हापिसच्या कागदासारखं. कधी राग यायचा, कधी स्वतःचीच कीव. पण शनिवार आला की बोटं लिहायला लागायचीच.

दर तीन महिन्यांनी तो मशीन तपासायला यायचा. आणि रक्त द्यायलाही तीन महिन्यांचंच अंतर लागतं, म्हणून आला की आधी बाही वर करायचा. संगणकातल्या दात्याच्या कार्डावर शेवटी शेऱ्याची जागा होती. तिथे वल्लरी दात्यांबद्दल पुढच्या वेळी उपयोगी पडेल असं काही लिहायची. ‘भीती वाटते, बोलत राहावे.’ ‘चक्कर येते, चहा घेतल्याशिवाय जाऊ देऊ नये.’ कृष्णातच्या कार्डावर तिने लिहिलं, ‘सुईकडे बघत नाही.’

सप्टेंबरात त्याने तालीम घ्यायची ठरवली.

“समजा, मशीन गेलं. काय कराल?”

“रडेन.”

“त्याच्या आदी?”

“आधी तुम्हाला फोन करेन. मग रडेन.”

तो हसला नाही. हातातली लाल चिठ्ठीची फ्लॉपी नुसतीच फिरवत राहिला. मग म्हणाला, “फोन करायला मशीन जायचीच वाट बघायची का?”

वल्लरीने वर बघितलं, तर साहेब तारा तपासत होते. तिला वाटलं, आपल्यालाच तसं ऐकू आलं. आणि खरंच, कुठल्या निमित्ताने फोन करायचा? बी पॉझिटिव्ह रक्त कधी कमीच पडत नाही!

मग जानेवारी आला. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरले आणि लालासाहेबांची गाडी रोज तासभर उशिरा यायला लागली. एका सोमवारी परत आलेला डबा खिडकीतून देता देता ते म्हणाले, “तुजा संगणकवाला चालला की गं पुण्याला! एक मार्चपासनं. मोठ्या कंपनीत लागलाय म्हणं.”

“अस्सं? छान झालं,” वल्लरी म्हणाली. छान वगैरे काही वाटलं नव्हतं. डबा दोन्ही हातांनी धरून ती स्टँडवर उभी राहिली आणि गाडी गेल्यावरही बराच वेळ उभीच होती.

दोन दिवसांनी, बुधवारी बारा तारखेला, दुपारी रक्तपेढीत सामसूम होती. तिने संगणकावर बाहेरगावच्या दात्यांची फाइल उघडली. सातारा, कडेगाव, शिरवळ, कऱ्हाड, सहाशे बारा माणसं. त्यातलं एक कार्ड ती हल्ली रोजच उघडून बघायची, नुसतं नाव वाचायला. त्या दिवशी तिचा हात शेऱ्याच्या जागी गेला. ‘सुईकडे बघत नाही’ पुसून तिने तिथे काहीतरी दुसरं लिहायला घेतलं—

आणि वीज गेली.

तासाने आली. मशीन सुरू झालं. वल्लरीने भीत भीत त्याचं कार्ड बघितलं. जुनाच शेरा होता. सुटले, म्हणून तिने फाइल बंद केली. बाकीची कार्डं बघायचं तिच्या मनातही आलं नाही. एवढीच तिची चूक.

त्या शनिवारी सातव्या फ्लॉपीवर तिने चारच ओळी लिहिल्या. ‘तुम्ही पुण्याला जाताय असं कळलं. अभिनंदन. आता मी कुणाला लिहू? एवढ्या एकाचं तरी उत्तर द्या.’

तीन आठवड्यांनी आजोबा परत आले. “सर्व ठीक. कृ.”

आता काय लिहायचं? तोवर तिनेही लिहिणं थांबवलंच होतं. नोंदीत दोनच शब्द असायचे, सर्व ठीक. रविवारी घाटावर जाणंही सुटलं.

पंधरा फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी, मिरजेहून फोन आला. गुरुवारी एका बाईचं ऑपरेशन आहे, एबी निगेटिव्ह हवं. वल्लरीला दाता माहीत होता. कडेगावजवळच्या कुठल्याशा वाडीवरचे नानासो गुरुजी. पण गावाचं नाव आणि फोनचा नंबर संगणकात. तिने बाहेरगावची फाइल उघडली. पहिली पन्नास-साठ कार्डं बरोबर होती. त्यानंतर पडद्यावर नुसत्या रेघा, चौकोन, हसरे चेहरे आणि वेड्यावाकड्या खुणा. पाचशेहून जास्त माणसं त्या चिखलात बुडाली होती.

सांगलीतला आजोबांचा संच लावून पाहिला. त्यातही तेच. मग तिने साताऱ्याला फोन लावला.

“कृष्णात आहेत का? मी... रक्तपेढीतून वल्लरी बोलतेय.”

पलीकडून तोच बोलला. “काय झालं? तुमाला काय झालं?”

तेवढ्यातही तिच्या लक्षात आलं. सगळे विचारतात, कुणाला काय झालं. याने विचारलं होतं, तुम्हाला.

दुपारी लालासाहेबांच्या गाडीतून तो उतरला. हातात साताऱ्यातले दोन्ही संच आणि बगलेत एक पत्र्याची छोटी ट्रंक. आल्याबरोबर त्याने लाल चिठ्ठीच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, कारण आतल्या डिस्कवर आता त्याचा भरवसा नव्हता. बाबा लावले. चिखल. पोर लावलं. चिखल.

“ही फाइल उघडी आसताना लाईट गेलती का कवा?”

वल्लरीने मान खाली घातली. “बारा जानेवारीला. दुपारी पावणेतीनला.”

“येळ बी ध्यानात हाय?”

“हो.” का, ते तिने सांगितलं नाही.

“म्हंजे महिना झाला. आपण दर शनिवारी खराब झालेल्याचीच प्रत काढत बसलो. तिन्ही पिढ्या गेल्या.”

विष्णुपंत खुर्चीत मटकन बसले. “म्हणजे संपलं?”

कृष्णात खाली बघत राहिला. अंगठ्याच्या नखाने ट्रंकेची कडी वरखाली करत होता. मग एकदम म्हणाला, “एक मार्ग हाय. पण म्या नियम मोडलाय. मॅडमनी आदी रागवायचं न्हाई म्हणावं.”

“अहो, इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुमचं काय—”

त्याने ट्रंक उघडली. आत फ्लॉप्या. ओळीने उभ्या, प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येकीवर आकडा एकच. सात.

“एकोणचाळीस हायत,” तो म्हणाला.

वल्लरीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने खुर्चीची पाठ धरली. परत येणारी सातवी नव्यासारखी दिसायची, कारण ती नवीच असायची. तिने लिहिलेली इथे होती.

“तुम्ही पुसल्या नाहीत?”

“न्हाई.”

“पुसायचं ठरलं होतं! मी... मी ते पुसलं जाणार म्हणून लिहिलं होतं!”

“ठाव हाय मला.” त्याने ट्रंकेतल्या फ्लॉप्या उगाचच सरळ केल्या. “बाकीच्या सहा देत हुतो परत. सातवी देववंना. आजोबा परत धाडायच्या आदल्या रात्री... लय परयत्न केला. एकदा बी हात झाला न्हाई.”

धोंडुबाईंनी विष्णुपंतांना दंडाला धरून उठवलं आणि “साहेब, चला, आत जरा काम आहे” म्हणून घेऊन गेल्या. आत कसलंही काम नव्हतं.

“आधी गुरुजी,” वल्लरी म्हणाली. डोळे पुसले आणि कीबोर्डसमोर बसली.

बाहेरगावची फाइल सगळ्यात शेवटी केलेली, आणि लहान. प्रत काढताना ती पूर्णच्या पूर्ण सातव्या फ्लॉपीवर बसायची. कृष्णातने ट्रंकेतून आठ जानेवारीची काढली. वीज जायच्या आधीचा शेवटचा शनिवार. वल्लरीने आज्ञा टाइप केली. मशीन अडलं. ते काही चुकीचं म्हणत नव्हतं. आधीच्या सहा नाहीत आणि एकदम सातवी कशी? इंग्रजीत त्याने बजावलं, क्रम बरोबर नाही. फ्लॉपी बदला, नाहीतर ठीक वाटत असेल तर पुढे चला.

तिने कृष्णातकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, पहिल्यांदाच सरळ.

“ठीक हाय,” तो म्हणाला. “दाबा.”

तिने कळ दाबली. फ्लॉपी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. आणि सहाशे बारा माणसं एकेक करून परत आली. नानासो गुरुजी सापडले. गावातल्या पोस्टात फोन होता. पोस्टमास्तरांनी माणूस पाठवून गुरुजींना बोलावलं, आणि अर्ध्या तासाने गुरुजींचाच फोन. “बाई, बुधवारच्या पयल्या गाडीनं निगतो. बाळंतपण का आपरेशन? बरं बरं. काळजी करू नगा.”

फोन ठेवून वल्लरी टेबलावर कपाळ टेकून बसली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

“तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत,” मान खालीच ठेवून ती म्हणाली. “सर्व ठीक, सर्व ठीक! वर्षभर मला वाटत होतं, वाचून फेकून देता.”

“उत्तर दिलं आसतं तर तुमाला कळलं आसतं, म्या किती मन लावून वाचतोय. मग तुमी सांभाळून लिवलं आसतं. न्हाईतर बंदच केलं आसतं.” तो थांबला. “दुदाची पिशवी पाव लिटरची मिळत न्हाई. ही जूनच्या पयल्या शनवारची. घाटावर एकटीनं शेंगा खाल्ल्या की संपत न्हाईत. ही ऑगस्टातली. आईचा चष्मा म्या रोज पुसते, कुणी घालणार नसलं तरी. दिवाळीच्या आदल्या—”

“पुरे,” ती म्हणाली. पण नको होतं असं नव्हे.

“म्या बी साताऱ्यात खानावळीत जेवतो मॅडम. आठ वर्सं झाली. मला बी कुणी काय इचारत न्हाई. शनवारचा डबा यायचा, तवा... तवा वाटायचं, घरनं डबा आलाय.”

“आणि शेवटचं? मी कुणाला लिहू, ते?”

“त्याचं उत्तर चार येळा लिवलं. चारी येळा पुसलं. पुण्याला चाललेल्या माणसानं काय म्हणून लिवायचं? मग तुमच्याकडनं बी सर्व ठीक यायला लागलं.” त्याने ट्रंकेचं झाकण हळूच लावलं. “तसल्या ठिवल्या न्हाईत म्या. त्या आल्या की लय वंगाळ वाटायचं.”

बाहेर स्टँडच्या दिशेने एसटीचा हॉर्न वाजला. साडेपाचची परतीची गाडी. कृष्णात उठला नाही, पण त्याची नजर घड्याळाकडे गेली. वल्लरीने ती पाहिली. मग ती संगणकाकडे वळली आणि बाहेरगावच्या फाइलमधलं त्याचं कार्ड उघडलं. शेऱ्याच्या जागी जुनंच होतं, सुईकडे बघत नाही. तिने ते पुसलं.

“बारा जानेवारीला पावणेतीनला मी काय लिहीत होते, विचारलं नाहीत तुम्ही.”

ती लिहायला लागली. एकेक अक्षर हिरवं होऊन उमटत गेलं आणि कृष्णात तिच्या खांद्यामागून वाचत राहिला. जाऊ... देऊ... नये.

तिने लगेच फाइल बंद केली. विजेचा काय भरवसा?

मागे वळून बघायचं तिला धाडस होईना. शेवटी खोकला आला, मग आवाज. “कुपवाडात कारखान्यांतनी आता संगणक यायला लागल्यात. दुरुस्तीचं दुकान एक बी न्हाई. माझ्या डोक्यात हाय वर्सभर... पण एकट्यानं कशासाठी करायचं, म्हणून पुण्याला हो म्हणलं हुतं. अजून कागदावर सही न्हाई केलेली, मॅडम.”

“वल्लरी.”

“वल्लरी,” तो म्हणाला, जपून, नवीन फ्लॉपी कागदातून काढावी तसं.

आणि या बाईने काय करावं? कपाळाला आठी घातली. “पण तुम्ही कुपवाडला आलात, तर प्रत ठेवायची कुठे? सांगलीची प्रत सांगलीतच राहील. दुसऱ्या गावात पाहिजे, असा नियम आहे ना?”

कृष्णात पहिल्यांदा मोकळा हसला. “कडेगावला माझी आई हाय. तिच्या लाकडी पेटीत जागा हाय. तिकडं ठिवू.”

“त्या विचारतील, हे कुणाचं, म्हणून.”

“इचारंल की. सोडंल व्हय?” तो म्हणाला. “म्हणून तर... तुमालाच यावं लागंल, सांगायला.”

आतून धोंडुबाईंनी चहाचे कप असे काही वाजवले, की भिंतीला कान लावून ठेवलेत हे लपवायची त्यांची इच्छा नसावी.

त्या शनिवारी वल्लरीने प्रत काढली तेव्हा सातव्या फ्लॉपीवर काहीच लिहिलं नाही. सकाळी कृष्णात आला होता, धोंडुबाईही आल्या होत्या, आणि तिच्या एका खोलीत दोनदा चहा झाला होता. स्टँडवर लालासाहेबांनी सवयीने डब्यासाठी हात पुढे केला. वल्लरीने पिशवी दिली नाही. मांडीवर घट्ट धरून खिडकीशी बसली.

“आज डबा माज्याकडं न्हाई व्हय?”

“नाही. आज दोन तिकिटं द्या. कडेगाव.”

लालासाहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग शेजारी बसून बुटांकडे बघणाऱ्या कृष्णातकडे. तिकिटं फाडली, पंच केली आणि घंटीची दोरी जरा जास्तच जोरात ओढली.

गाडी सांगलीबाहेर पडली. दोन्हीकडे तोडलेल्या उसाची रानं. तासगाव मागे पडल्यावर वल्लरी एकदम दचकून म्हणाली, “अगं बाई! दूध विरजायचं राहिलं.”

मग तिला आठवलं. दूध उरलंच नव्हतं.